दसऱ्याची पेरणी, कार्तिकीची भाजी

मृगाचा पहिला पाऊस पडला की परसबागेची हौस जागी होते. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर टांगलेली रंगीत पाकिटे नजरेत भरतात. भेंडी, दोडका, काकडी, पालक, कोथिंबीर अशी आठ-दहा पाकिटे घरी येतात आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत एका दुपारीच पेरली जातात. पोळ्यापर्यंत त्या जागी गुडघाभर तण उभे राहते, त्यात दोडक्याचा एखादा वेल कसाबसा तग धरून असतो, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी निकाल देतात : हे आपले काम नव्हे, आपण व्यापारी माणसे.

हा निकाल घाईचा आहे. अशा बागेत बहुतेक वेळा चुकलेला असतो तो महिना, आणि इस्लापूरसारख्या गावात तर तो हमखास चुकतो.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव हिमायतनगर आणि किनवट यांच्या मधे वसले आहे. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. मराठवाडा म्हटले की दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. परंतु किनवट-माहूरचा डोंगराळ, सागवानी पट्टा त्याला अपवाद आहे. मराठवाड्यातील सर्वाधिक पाऊस याच भागात पडतो. आषाढ-श्रावणात सहस्रकुंड पाहायला दुरून लोक येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातील सखल जागेची काळी माती पाण्याने फुगून चिखल होते. काळ्या मातीचा हा स्वभाव कापूस-सोयाबीनच्या व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि एकदा भिजली की लवकर वाफशावर येत नाही. कापसाचे सोटमूळ हे सोसते. मेथी-कोथिंबिरीची कोवळी मुळे मात्र आठवडाभर पाण्यात राहिली की कुजतात. शिवाय पावसाळ्यात तण, कीड आणि बुरशी यांचा जोर सर्वांत अधिक असतो. नवशिक्याने आपली पहिली परीक्षा अशा ऋतूत देऊ नये.

मग केव्हा द्यावी? याचे उत्तर जैन घराच्या आहारनियमांतच दडलेले आहे.

पानभाजीचे चार महिने

चातुर्मासात पानभाजी वर्ज्य, हा नियम बहुतेक घरांत पाळला जातो. दमट हवेत पालेभाजीच्या पानापानांत सूक्ष्म जीव असतात, ते धुऊन वा निवडून वेगळे होत नाहीत, हे त्यामागचे कारण. कित्येक श्वेतांबर मूर्तिपूजक कुटुंबांत हा त्याग त्याहून लांब असतो : फाल्गुनातील चौमासी चतुर्दशीला पानभाजी थांबते ती थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे वर्षातील आठ महिने ताटात पान नाही, आणि उरलेले चार महिने, कार्तिकी पौर्णिमा ते फाल्गुन चतुर्दशी, एवढाच मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत यांचा काळ.

आता हेच पंचांग मराठवाड्याच्या शेतकऱ्यापुढे ठेवले तर तो काय म्हणेल? पानभाजी उत्तम येते ती याच चार महिन्यांत. थंडी पडली की मेथीचे पान रुंद होते, पालक पुन्हा पुन्हा कापता येतो, कोथिंबिरीला वास धरतो. फाल्गुनात ऊन तापले की हीच झाडे पाने टाकून फुलोऱ्याकडे वळतात. ज्यांनी आहाराचे नियम घालून दिले त्यांच्यापुढे जीवदयेचा विचार होता, शेतीचे वेळापत्रक नव्हते. पण या मुलखात दोन्ही एकाच रेषेवर येतात. बाजारातून भाजी आणणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण बाजारात मेथी बारा महिने दिसते. वाफा असलेल्याला ते पहिल्याच वर्षी समजते.

हिशेब सोपा आहे. दसरा आश्विन शुद्ध दशमीला येतो. तेथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पस्तीस दिवस होतात. मेथी तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येते, पालकाची पहिली कापणी त्याच सुमारास होते, कोथिंबिरीला दहा-बारा दिवस अधिक लागतात. दसऱ्याला पेरलेल्या वाफ्यातील मेथी चातुर्मास संपताना नेमकी ताटात येते. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोथिंबीर मात्र नीट उगवत नाही. तिच्यासाठी आठ-दहा दिवस थांबून दिवाळीच्या तोंडावर पेरणी करणे बरे. धने अख्खे पेरू नयेत. हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या कराव्यात आणि रात्रभर पाण्यात भिजवून मग टाकावेत.

वहीपूजनाच्या आसपास बाग सुरू करण्यात व्यापारी घराची आणखी एक सोय आहे. नव्या वर्षाच्या वहीत एक पान बागेचे ठेवता येते : कोणत्या तिथीला काय पेरले, केव्हा उगवले, किती काढले, कोणाकडे दिले. पहिल्या वर्षी या पानाची खर्चाची बाजू जड असेल. माती, शेणखत, जाळी यांचे पैसे एकदाच जातात, पण ते जातात. भाजी स्वस्त पडावी म्हणून बाग करणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. ती कशावर वाढली हे ठाऊक असावे म्हणून करणाऱ्याची होत नाही.

कुदळीचा प्रश्न

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. माती उकरणे म्हणजे पृथ्वीकायाची विराधना. त्यात गांडुळे, मुंग्या, किडे यांचाही घात. श्रावकाला निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा, फोडीकर्म, येतो. पिढ्यान् पिढ्या दुकानाच्या गादीवर बसलेल्या घराने केवळ हौसेखातर कुदळ का हाती घ्यावी?

या प्रश्नाची दुसरी बाजूही शास्त्रातच आहे. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जी सहा कर्मे शिकवली, असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प, त्यांत वाणिज्याच्या आधी कृषी येते. मराठवाड्यातील सैतवाळ आणि दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर समाजात शेती करणारी घरे आजही मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे श्रावकपण त्यामुळे उणे ठरलेले नाही. गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी हिंसा त्याज्य मानली आहे. आरंभी आणि उद्योगी हिंसा त्याला पूर्णपणे टळत नाही, ती जितकी कमी करता येईल तितकी करावी, असा विवेक सांगितला आहे. शिवाय करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आपल्या परंपरेत आहे. बाजारात घेतलेल्या भेंडीसाठीही कोणीतरी जमीन नांगरली होती आणि कोणीतरी फवारा मारला होता. ते फक्त ग्राहकाच्या डोळ्यांआड घडले.

फवाऱ्याची गोष्ट या भागात पुस्तकी नाही. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांना प्राण गमवावे लागले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पंधरा कर्मादानांतील एकाचे नावच विषवाणिज्य आहे, याची आठवण कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या घरांना अधून मधून होत असेल. धंद्याचा प्रश्न ज्याचा त्याने गुरुमहाराजांच्या सान्निध्यात सोडवावा. परसातल्या वाफ्यापुरते तरी उत्तर स्पष्ट आहे : दुकानातील ती बाटली वाफ्याकडे जाता कामा नये.

आणि कुदळही जवळजवळ टाळता येते. न उकरता वाफा तयार करण्याची रीत व्यापारी घराला फारच सोयीची आहे, कारण तिला लागणारी मुख्य वस्तू, पुठ्ठ्याची खोकी, किराणा दुकानात रोज रिकामी होते. वैशाखात जमीन कोरडी, भेगाळलेली असते, गवत वाळलेले असते आणि त्रस जीवांचा वावर सर्वांत कमी असतो. त्या वेळी जागा झाडून घ्यावी, मुंग्यांची वारुळे असलेला कोपरा सोडून द्यावा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून पुठ्ठे एकावर एक सरकवून अंथरावेत आणि त्यांवर बाहेरून आणलेली माती रचावी. पुठ्ठा खालच्या तणाला उजेड मिळू देत नाही आणि पावसाळ्यात स्वतःच मातीत मिसळून जातो. यातही सूक्ष्म हिंसा आहेच. परंतु कुदळीचा घाव आणि नंतर वर्षभर खुरपणी यांच्या तुलनेत ती कितीतरी थोडी.

अक्षय्य तृतीयेला हे काम केले तर दसऱ्यापर्यंत वाफ्याला पाच महिने मिळतात. ऋषभदेवांच्या पारण्याचा हा दिवस. यापेक्षा चांगला मुहूर्त शोधण्याची गरज नाही.

किती जागा, कोणती माती

इंग्लंडमध्ये १९०८ च्या एका कायद्याने मागणी करणाऱ्या रहिवाशांना भाजी पिकवण्यासाठी भाड्याने जमिनीचे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ती पद्धत आजही चालू आहे. तेथील पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांच्या आसपास असतो. १९८८ मध्ये ज्या लेस्टर शहरात जिनालयाची प्रतिष्ठा झाली त्या शहरातील गुजराती कुटुंबे अशा तुकड्यांवर मेथी, कोथिंबीर, दुधी पिकवताना दिसतात. मात्र तेथेही पूर्ण तुकडा घेतलेले नवखे लोक दोन हंगामांत थकतात असा अनुभव आल्याने अनेक ठिकाणी नवशिक्याला अर्धाच देतात.

इस्लापुरात त्याहूनही कमी पुरे. पाव गुंठा, म्हणजे साडेसोळा फूट लांब आणि तितकाच रुंद चौकोन, एका कुटुंबाच्या पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. त्यात तीन फूट रुंद, बारा फूट लांब असे चार वाफे आणि मधे सव्वा फुटाच्या वाटा बसतात. रुंदी तीन फुटांहून अधिक ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला की वाफ्यात पाय टाकावा लागत नाही, माती दबत नाही आणि पायाखाली काही चिरडतही नाही. ज्यांच्या घरामागे परस उरलेला नाही त्यांच्यासाठी लेस्टरची रीत आहेच : गावाबाहेर घेऊन ठेवलेला, बोअर असलेला एखादा रिकामा प्लॉट दोन-तीन घरांनी वाटून घ्यावा. पाणी एकाचे, जाळी दुसऱ्याची, आणि एक घर यात्रेला गेले तर दुसरे पाणी घालते.

वाफा जमिनीपासून नऊ इंच उंच असावा. काळ्या मातीच्या गावात ही अट सोडता येत नाही, कारण पावसाचे पाणी बाजूने निघून जायला हवे. चार वाफ्यांना साधारण एक ब्रासभर मिश्रण लागते : एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरमाड तांबडी माती, एक भाग जुने शेणखत. शेणखत वर्षभर मुरलेले, हातात घेतल्यावर भुसभुशीत आणि निर्गंध असावे. ओले शेण टाकले तर हुमणी आणि माश्या त्याच्याबरोबर येतात. मग त्यांचे काय करायचे हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

मातीच्या बाबतीत महाराष्ट्राला शहाणे करून सोडणारा माणूस शेतकरी नव्हता. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) गणिताचे प्राध्यापक होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या शिवारात प्रयोग करावेत, मोजावेत आणि एकमेकांना कळवावेत यासाठी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला; सांगली-तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांवर त्याचा मोठा प्रभाव पडला. पाच माणसांच्या कुटुंबाची गरज दहा गुंठ्यांत भागू शकते असे ते हिशेबाने मांडत. वाळका पालापाचोळा शेण, गोमूत्र आणि थोड्या गुळाच्या पाण्यात भिजवायचा, मातीबरोबर थर द्यायचे, त्यावर नाना प्रकारचे बी उगवून ठरावीक दिवसांनी कापून तेथेच पसरायचे, या त्यांच्या रीतीने तयार झालेल्या मातीला ‘अमृतमाती’ म्हणतात. तिला साडेचार महिन्यांच्या आसपास लागतात. पावसाळ्यात ढीग उलथणे ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी विकतचे जुने शेणखत वापरावे आणि श्रावण-भाद्रपदात वाफे कडब्याने झाकून स्वस्थ बसावे. परंतु मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची दाभोलकरांची सवय जरूर उचलावी. ती गादीवर बसणाऱ्याला नवी नाही.

शेतीशी संबंध नसलेल्या माणसांनी हे साधले आहे, याची उदाहरणे मुंबईतही सापडतात. अर्थतज्ज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी घराच्या गच्चीवर, रसवंतीतून फेकून दिलेल्या उसाच्या चिपाडांवर आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाज्या पिकवून ‘नगर शेती’ची कल्पना रुजवली. त्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग उभी केली. त्या त्या स्वयंपाकघराच्या व्यवस्थापक होत्या आणि तेथे रोज सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण बनत असे. त्याचा भाजीपाल्याचा कचरा गच्चीवरच मुरू लागला. जेथे मातीच नव्हती तेथे हे झाले. इस्लापुरात माती तरी आहे.

काय लावावे

जैन घराच्या बागेची यादी इतरांपेक्षा लहान आणि म्हणूनच सोपी आहे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट यांना जागाच नाही. नवशिक्याला न जमणारी निम्मी पिके तेथेच वगळली जातात. वांगे नको. फ्लॉवरच्या गड्ड्यात आणि कोबीच्या पापुद्र्यांत कीड दडते म्हणून अनेक घरे तेही टाळतात, आणि बिनविषारी बागेत या दोहोंवर अळी येणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. ते सोडल्याचे दुःख करू नये. ओले आले, ओली हळद चालत नाही. वसमतच्या हळदीचा क्विंटलने व्यवहार करणाऱ्या घरातही ओल्या हळदीचे लोणचे होत नाही, यात बाहेरच्याला विसंगती दिसेल. वाळलेल्या कंदाचा आणि जिवंत कंदाचा भेद ज्याला ठाऊक आहे त्याला दिसत नाही.

दसऱ्याच्या सुमारास दोन वाफे पानभाजीला द्यावेत. मेथी एकदम सगळी पेरू नये. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एक पेरावा, नाहीतर एकाच आठवड्यात टोपलीभर मेथी आणि मग महिनाभर काही नाही अशी गत होते. व्यापाऱ्याला माल एकदम उतरल्याची अडचण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तिसऱ्या वाफ्यात टोमॅटोची आठ रोपे पुरेत; रोपे तयार घ्यावीत, दीड-दोन फूट अंतरावर लावावीत आणि प्रत्येकाला काठीचा आधार द्यावा. चौथ्यात वाटाणा किंवा बुटका घेवडा लावावा. कुंपणावर चढणारा वाल मात्र दसऱ्याला लावून उशीर होतो. त्याचा वेल पावसाळ्यातच टोकावा लागतो आणि दिवस लहान झाल्यावर तो फुलतो, म्हणून आषाढात कुंपणाशी चार बिया टोकून ठेवाव्यात. पावसाळ्यात एवढेच काम पुरे.

पहिला हिवाळा नीट पार पडला की दुसऱ्या वर्षी फळभाज्यांकडे वळावे. भेंडीसाठी मराठवाड्याला दूर जावे लागत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथील ‘परभणी क्रांती’ हे वाण १९८० च्या दशकात देशभर गाजले. त्या काळी भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाने शेतकरी हैराण झाले होते. ‘पुसा सावनी’ या प्रचलित वाणाचा भेंडीच्याच एका दूरच्या नातलग जातीशी संकर करून हे रोगाला दाद न देणारे वाण निवडण्यात आले. ते संकरित बियाण्यांसारखे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. घरचे बी धरता येते. बियाणे आणि सल्ला यांसाठी नांदेड जिल्ह्यात सगरोळी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे विचारणा करावी.

भेंडीची एक अडचण मात्र बागेच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ती एक दिवसाआड तोडावी लागते; चार दिवस राहिली की दोरखंड होते आणि झाड नव्या कळ्या धरणे कमी करते. पण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, पर्युषणाचे आठ दिवस नाही, दशलक्षण पर्व पाळणाऱ्या घरांत दहा दिवस नाही. झाड तिथी पाळत नाही. जूनमध्ये लावलेली भेंडी भाद्रपदात ऐन भरात असते आणि नेमकी तेव्हाच घरात कोणी तिच्याकडे पाहत नाही. यावर शेजारच्या घराला तोडून न्यायला सांगणे हा मार्ग अनेकांना पटत नाही, कारण त्यात आपण करविले असे होते. त्यापेक्षा पेरणीच बदलावी : माघात लावलेली भेंडी चैत्र-वैशाखात संपते आणि पर्व मोकळे राहते. पावसाळ्यासाठी लाल भोपळा आणि कोहळा बरे. भोपळा थांबतो, भेंडी थांबत नाही. वेलावर पिकलेला भोपळा देठासकट उतरवून कोरड्या खोलीत ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो.

कुंपणाच्या कोपऱ्यात एक शेवगा आणि एक कढीपत्ता असावा. सीमेलगतच्या तेलुगू भाषक शेजाऱ्यांची गोंगुरा, म्हणजेच आपली अंबाडी, या मातीत जवळजवळ काळजीवाचून येते. तिची पाने वर्ज्य काळात खायची नसली तरी लाल बोंडांची चटणी अनेक घरांत चालते.

वाटेकरी

पाव गुंठ्याला हिवाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी वेगळे साठवले तर त्यातील एखादी भरून निघते. सकाळी घालावे, मुळाशी घालावे, आणि माती बोटभर खोल ओली असेल तर त्या दिवशी घालूच नये. वैशाखात हीच गरज दुपटीहून अधिक होते; त्या दिवसांत सहस्रकुंडाची धारही बारीक झालेली असते आणि बोअरचे पाणी घरालाच जपून वापरावे लागते. उन्हाळ्यात बाग मोकळी ठेवण्यात कमीपणा नाही.

किडीचा प्रश्न पावसाळ्यात पेरणाऱ्यांपुढे किती बिकट होतो हे लातूर, बीड आणि धाराशिव भागाने २०२२ मध्ये पाहिले. त्या जुलैत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपे शेतेच्या शेते फस्त केली. कृषी खात्याचा सल्ला असा होता की संध्याकाळी ओली गोणपाटे अंथरावीत, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग जैन घराला चालेल, दुसरा चालणार नाही. गोळा केलेल्या गोगलगायी हलक्या हाताने दूरच्या पडीक, झुडपी जागेत सोडता येतात; शेजाऱ्याच्या शेताच्या बांधावर मात्र नव्हे. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्यांना बोलावणेच न धाडणे. वाफ्याभोवती ओला कचरा, दगडांचे ढीग, कुजकी लाकडे नसावीत, आणि मधे कोरड्या राखेचा हातभर पट्टा ठेवावा. तो भिजला की बदलावा लागतो. थंडी-उन्हाळ्यात गोगलगाय शंख बंद करून जमिनीत पडून राहते. दसऱ्यानंतर पेरणाऱ्याची आणि तिची गाठ सहसा पडत नाही.

माव्यासाठी आणि अळीसाठी मच्छरदाणीसारखी बारीक जाळी वाफ्यावर कमानीने ताणावी. फुलपाखरू अंडी घालायला आतच आले नाही तर अळीचा प्रश्न उद्भवत नाही. निंबोळी अर्क निर्दोष म्हणून सर्रास सुचवला जातो. त्याने बहुतेक किडी पानापासून दूर राहतात हे खरे, पण काहींची वाढ खुंटून त्या मरतातही. वापरणाऱ्याने हे जाणून वापरावे. लागण झालेले पान तसेच खुडून बांधाबाहेर ठेवणे अधिक सरळ. आणि थोडा वाटा जाऊ द्यावा. धान्याच्या व्यापारात तूट-घट धरतातच. वाफ्यातही ती धरून चालावे. माकडे मात्र घट धरून भागत नाहीत. जंगलालगतच्या या पट्ट्यात ती टोळीने येतात आणि टोमॅटो आधी नेतात, तेव्हा पहिल्या खर्चात जाळीची तरतूद करावी किंवा टोमॅटोच्या जागी त्यांना न रुचणारे काही लावावे. मेथीकडे ती फारशी पाहत नाहीत.

फाल्गुनात चतुर्दशी येते आणि पानभाजी थांबते. बाग तेव्हा संपत नाही. उरलेली मेथी आणि कोथिंबीर उपटू नये, पाणी कमी करावे आणि झाडे उभी ठेवावीत. उन्हाची तिरीप लागताच मेथी शेंगांवर येते, कोथिंबिरीवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसू लागतात आणि दिवसभर मधमाश्यांची ये-जा चालते. त्या आठवड्यांत वाफ्यात हात घालण्याचे काम नसते. चैत्रात शेंगा पिवळ्या पडल्या आणि धने तपकिरी झाले की सकाळच्या गारव्यात झाडे कापून सावलीत कापडावर पसरावीत. काठीने हलके झोडून, सुपाने पाखडून, दोन-तीन दिवस ऊन दाखवून बी वेगळे करावे. मेथीदाणा आणि धने ही कोरडी वस्तू. तिला पानांचा नियम लागू नाही. चांगले भरलेले, टपोरे दाणे मूठभर वेगळे काढावेत, गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत आणि बरणीवर चिठ्ठी लावावी : मेथी, घरची, पेरणी दसरा. उरलेले स्वयंपाकघरात न्यावेत.